सहावा घात की आठवा

मागच्या महिन्यात अकरावीतली नात फिजिक्सचं गणित तपासायला घेऊन आली. निवृत्त प्राध्यापिका घरातच फुकट मिळते, मग शिकवणी कशाला! कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर उत्तर होतं आणि कोपऱ्यात दहाचा घात, मुंगीच्या डोक्याएवढा.

"सहावा घात," मी म्हटलं.

"आठवा आहे, आजी."

पुन्हा पाहिलं. काळे ठिपके नुसते एकमेकांना चिकटून बसलेले. मोतीबिंदू काढला तेव्हा मुलाने बजावलं होतं, "आई, नजर जरा जरी कमी झाली, तर स्कूटरची किल्ली माझ्याकडे." आणि किल्ली गेली म्हणजे मंडईपासून मैत्रिणींपर्यंत सगळं 'कुणी सोडतं का मला' वर आलं.

"आठवाच," म्हटलं आणि वही परत केली.

यावरून एक मुलगी आठवली. मी नवी नवी शिकवायला लागले होते. प्रयोगशाळेतले कॅल्क्युलेटर सुतळीने टेबलाला बांधलेले. ती सुतळी ताणून पडदा खिडकीकडे धरायची. "मॅडम, हा सहा आहे की आठ?" मी म्हटलं, "दिसत नसेल तर चष्म्याच्या दुकानात जा, इथे कशाला येता?" वर्ग हसला आणि स्वतःच्या विनोदावर मी आठवडाभर खूश. खरं सांगायचं तर त्या पडद्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. बाईंकडे उत्तरांची वही होती ना!

दुसऱ्या दिवशी स्कूटर पंक्चर आहे असं घरी ठोकून दिलं आणि नातीचा कॅल्क्युलेटर पिशवीत टाकून रिक्षाने बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, "यापेक्षा मोठे अंक असलेला आहे का?"

"काकू, कॅल्क्युलेटर आहे, टीव्ही नाही."

"बरं," म्हणत मी नातीचं गणित तिच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं. "मग हा घात वाचून दाखवा."

त्याने चष्मा वर केला, पडदा तिरका धरला, दिव्याखाली नेला. "सहा. थांबा... आठ." शेजारी वायर घ्यायला आलेला कॉलेजचा पोरगा वाकून म्हणाला, "शून्य आहे हो, काका."

तिघांचे तीन आकडे! इतकं हलकं मला मोतीबिंदू निघाल्यावरही वाटलं नव्हतं. तरी खात्री हवी, म्हणून तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचली. "नंबर आहे तोच आहे," ते म्हणाले. तसं कागदावर लिहून घेतलं. आजकाल मुलांना पुरावा लागतो.

त्या मुलीची माफी मात्र राहिलीच. तिचे डोळे उत्तम होते.

संध्याकाळी मुलगा स्कूटरचं चाक दाबून बघत होता. "पंक्चर काढलंस?"

"निघालं," म्हटलं, आणि किल्ली कमरेला खोचली.