परंड्याला नेलेली पांढरी ज्वारी

कुर्डुवाडीला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर पांढऱ्या ज्वारीची पिशवी होती. बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता. परंड्याहून आक्काचं पत्र आलं होतं, की रेशनवर मिलो (परदेशी लाल ज्वारी) आली आणि शांतीने जेवण सोडलं, आठ दिवस झाले. शांती आक्काची मुलगी, अकरा वर्षांची. बोलत नसे, आपल्याच नादात असे. अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पांढऱ्या भाकरीवाचून ती काही खात नसे, म्हणून हा शहाणा मामा निघाला होता.

परंड्याच्या एसटीत पिशवी उसवली आणि ज्वारी सीटखाली सांडली. अर्धी बस वाकून दाणे वेचू लागली. कंडक्टरने आपली टोपी पुढे केली. मला ती माणसं फार आवडली.

आक्काने लगेच भाकरी थापली. शांतीने वास घेतला, तुकडा तोंडात घातला आणि ताटच भिरकावलं. मग रांजणाला गाल लावून बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. आक्का म्हणाली, हट्टीच आहे ती पहिल्यापासून. मलाही ते पटलं.

तेवढ्यात शेजारच्या भागाबाई दुष्काळी कामावरून आल्या. दारातूनच बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, ह्यो हट्ट न्हाय," त्या म्हणाल्या. "सारखा त्योच गाल लावती. दाढ दुखत आसंल पोरीची."

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून त्या आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. शांतीने तोंड उघडावं म्हणून तासभर तिच्यासमोर स्वतःचं तोंड उघडून दाखवत बसल्या. दाढ किडून आत पू झाला होता. ती काढल्यावर डॉक्टरांनी झोप, पोट, फिट, सगळं विचारलं. झोप नव्हती, पोट साफ होत नव्हतं, फिटही येत होत्या. दर वेळी आक्काचं एकच उत्तर, "ती तशीच हाय."

"तशी असू द्या," डॉक्टर म्हणाले. "पण फिटला औषध असतं, बाई. आणि दाढ कुणाचीही दुखते."

तिसऱ्या दिवशी शांतीने दीड भाकरी खाल्ली. आक्का चुलीपुढे बसून रडली.

परतीच्या बसमध्ये माझी मलाच लाज वाटली. शांतीवर माझा जीव होता, तिच्या सगळ्या सवयी मला पाठ होत्या. आठ दिवस पोर गाल दाखवत होती, आणि मी तिच्यासाठी ज्वारी घेऊन गेलो होतो.