नलूमावशीची पडवी

"पायातच अडकला असंल जीव," माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं. "जल्मभर चालायला मिळालं न्हाई ना."

नलूमावशीचा दहावा होता. इंद्रायणीच्या काठी पिंड मांडून आम्ही कावळ्याची वाट पाहत होतो. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली एकही उतरत नव्हता. पिंडाशेजारी मामाने दानासाठी आणलेली नवी चप्पल होती. मावशीने जन्मात कधी चप्पल घातली नव्हती. ती पाहून मावशी किती हसली असती, हे तिथे सांगायचं तरी कुणाला...

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. पुढे बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन उचलायच्या अपंगांच्या स्पर्धांत ती राज्य पातळीपर्यंत पोचली. कार्ल्याला मामाच्या घराच्या पडवीत तिचा बाक होता. शनिवारी मी लोणावळ्याहून जायचे आणि तिचे पाय पट्ट्याने बाकाला बांधायचे. सुरुवातीला मी भीत भीत सैल बांधायचे.

"आवळ की गं. त्यांना काय हुतंय? उगं मधी मधी येत्यात."

मग ती वजनाची दांडी खाली आणायची. दांडी छातीवर टेकली की क्षणभर सगळं स्तब्ध. श्वास मात्र मी रोखलेला असायचा. मी इंग्रजी शाळेतली आणि फारशी बोलत नसे, म्हणून तिने माझं नावच 'विंग्रजी शाळा' ठेवलं होतं. "तू गप ऱ्हातीस ते बरंय," ती म्हणायची. "बाकीचे लय कीव करत्यात."

एका स्पर्धेत तिचा डावा हात उजव्याच्या मागून सरळ झाला आणि पंचांचे लाल दिवे लागले; उचल बाद झाली. परतताना गाडीत मामा समजूत घालत होता, "जाऊ दे नले, तुज्या मानानं लय झालं." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माज्या मानानं कमीच झालं, दादा."

न्यूमोनियाने ती दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मी एकटी जवळ असताना तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "पडवी तशीच ठेवा. माज्यासारखी कुणीतरी यील... मला जागा मिळेस्तोवर लय वर्सं गेली. दादाला सांग." मी मान हलवली.

ती गेल्यावर मी पडवीत गेले. हायवेवरून जड ट्रक गेला की दांडीवरच्या लोखंडी चकत्या आपोआप किणकिणत होत्या. मामी चहा गाळता गाळता थांबली. "अजून उचलतीय," ती म्हणाली. आजही लोणावळ्यात घरी बसले असताना मला तो आवाज येतो, आणि मी दाराकडे बघते.

त्या दिवशी मामा पडवीची लांबी पावलांनी मोजत होता. हितं पलंग बसतील, भुशी धरणाला येणारे पाहुणे शनवार-रविवार भाड्यानं उतरवता येतील, असं तो मामीला सांगत होता. त्याचं तरी काय चुकत होतं? तिच्या आजारपणात त्याने शेताकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाक कुठे जाणार, हे मी विचारलं नाही. तिचा निरोपही माझ्या तोंडून निघाला नाही.

आता काठावर एकेक जण पुढे होत होता. दहाव्याला पिंडापुढे मोठ्याने दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. मामी म्हणाली, "नणंदबाई, तुमच्या म्हाताऱ्या आईची काळजी करू नका, मी हाय." मामा हात जोडून म्हणाला, "नले, पुढल्या जल्मी धडधाकट पाय घिऊन ये." कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढलं. शेवटी मामाने गुरुजींना खूण केली आणि त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तो पिंडाला शिवला की सगळं संपणार होतं. नंतर सांगितलेलं कुणी मनावर घेतलं नसतं.

मी बायकांतून वाट काढत पुढे गेले. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"मावशी, पडवीत पाहुणे उतरणार नाहीत. मामाच्या देखत सांगतेय."