इंजेक्शन कोण देणार

"मग तुमच्या आईला तुम्हीच सांगा ना! मी इथून काय हात लांब करून टोचू?"

बाई जिन्यातच थांबल्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बॅग आणि अजून एक मजला बाकी. दोन विमानं, मग बस, मग दगडी रस्त्यावरून ओढत आणलेली ही बॅग. पायांत जीव उरला नव्हता. वरच्या पायरीवर वसतिगृहाची रखवालदारीण किल्ल्या खुळखुळवत उभी होती.

फोनमध्ये नवऱ्याचा अर्धा कान आणि छताचा पंखा दिसत होता.

"अगं, ती हातच लावू देत नाही. दुपार झाली, जेवली नाही. साखर दोनशे ऐंशी. आणि खरं सांगू, माझाही हात थरथरतो."

"तुमचा? तीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवताय! सुईशिवाय दुसरं काय धरलंत हातात?"

"कापड ओरडत नाही."

फोनमध्ये त्याच्या मागे लेक फिसकन हसली.

बाई शाळेत इतिहास शिकवायच्या. परदेशातल्या या जुन्या विद्यापीठाच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाचा अर्ज त्यांनी स्टाफरूममध्ये बसून भरला आणि निवड झाल्यावरच घरी सांगितलं. सासूबाईंना इन्सुलिन सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत बाईंनी एक रात्र घराबाहेर काढली नव्हती. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. निघण्याआधी पंधरा दिवस त्यांनी नवऱ्याला संत्र्यावर सराव करायला लावला. डझनभर संत्री वाया गेल्यावर त्याला जमलंही होतं.

खोली अरुंद होती. लोखंडी खाट, खिडकीशी टेबल, चपटी उशी. रखवालदारणीने नळ उघडून दाखवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. नोंदणी एक वाजेपर्यंत. स्वतः जाऊन सही करायची, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला.

"दर वर्षी एखादी तरी परत जाते," ती म्हणाली, "बॅगसुद्धा न उघडता."

ती गेली आणि फोनवर सासूबाई आल्या.

"सूनबाई, मी काय सोनंनाणं मागतेय? तुझा हात हलका आहे. तू येईपर्यंत मी अशीच राहते."

"सहा आठवडे, आई?"

"राहीन. मेले तर मेले."

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "उद्या हिला काही झालं तर लोक कुणाला बोलतील? या वयात शिकून कुठे दिवे लावायचेत? परतीचं तिकीट बदलून मिळतं. मी चौकशी केलीय."

बाई खाटेवर टेकल्या. तिकिटाची चौकशी करायला नवऱ्याला वेळ मिळाला होता. दोन गल्ल्या सोडून दवाखाना आहे, तिथल्या नर्सला घरी बोलवायला मिळाला नव्हता. राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद नव्हती. आडवं व्हावंसं वाटत होतं फक्त. घड्याळात साडेबारा झाले होते.

त्यांनी लेकीला फोन टेबलावर ठेवायला सांगितला, सगळे दिसतील असा. लेकीने तो पाण्याच्या तांब्याला टेकवला. तीन चेहरे एका ओळीत आले.

"मी परत येत नाही," बाई म्हणाल्या. "इंजेक्शन आजपासून तुम्ही द्यायचं. नाहीच जमलं तर नर्सला बोलवा. आई, कुणाचा हात चालतो ते तुम्ही ठरवा, पण जेवणाआधी ठरवा. मी फोन रविवारी करीन."

"आणि मधेच काही झालं तर?" नवऱ्याने विचारलं.

"डॉक्टरांना फोन करा. मी वर्गात असेन."