वीस मिनिटं नळाखाली

तीन रात्री मी एकाच विचाराने जागी होते. ऐन वेळी मला आठवेल का?

त्याचं असं झालं, आमच्या देवळालीत अंगणवाडीत आयांना प्रथमोपचार शिकवायला एक सिस्टर आल्या होत्या. बाकीच्या बाया ऐकून, चहा पिऊन घरी गेल्या. मी मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं आणि रोज अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःचीच तोंडी परीक्षा घेत बसले. भाजलं तर काय? टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं.

बी.एस्सी. आहे हो मी. पण घाबरले की मला माझा मोबाईल नंबरही आठवत नाही.

चौथ्या दिवशी परीक्षा आलीच. एप्रिलची भर दुपार. मी भाकरी करत होते, आणि चार वर्षांची ईशू ओट्याशी स्टुलावर उभी राहून तिची चिमुकली भाकरी थापत होती. पिठाचा डबा घ्यायला मी वळले, तेवढ्यात तिने तव्याच्या कडेला बोट लावलं.

"मम्मी, चटका."

आणि काय सांगू, मला सगळं आठवलं. अगदी शब्दन् शब्द. इतका आनंद झाला की पोरीला भाजलंय हेच क्षणभर विसरले. तिला उचललं, मोरीत नेलं, नळ सोडला, घड्याळ बघितलं.

ईशूने घर डोक्यावर घेतलं.

सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. "आन तिला इकडं. जरा गार वाटंल."

"आई, पेस्ट लावायची नसते."

"आमी लावलीच की जन्मभर. तुझा नवरा काय वितळला का?"

"आई, प्लीज. वाहतं पाणी, वीस मिनिटं."

"मम्मी, सोड," ईशू हात ओढत होती. आता मूल रडणारच, आईने धीर सोडायचा नाही, हेही वहीत होतं. मी मनगट आणखी घट्ट धरलं आणि नळ आणखी मोठा केला.

दोन मिनिटं झाली. रडणं वाढत चाललं. आधी फक्त बोट लाल होतं, आता अख्खा पंजा लाल दिसायला लागला. भाजणं असं पसरतं हे सिस्टरांनी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे पट्ट्या बांधलेला हात आला, पेन्सिल धरता न येणारी ईशू आली, "तू होतीस कुठे?" असं विचारणारा नवरा आला. माझेही हात पोळत होते. मला वाटलं, लेकराचं दुखणं आईला जाणवतं म्हणतात ते असंच असणार.

शेवटी सासूबाईंनी मला कोपराने बाजूला सारून नळाखाली हात घातला, आणि झटकन मागे घेतला.

"अगं बाई, ह्याच्यात पत्ती टाकली तर चहा हुईल. टाकी उन्हात हाय न्हाई का?"

गच्चीवरची आमची काळी टाकी. सकाळपासून तापत असते. दुपारी नळाला कढत पाणी येतं म्हणून रोज सकाळीच बादल्या भरून ठेवणारी बाई कोण? मीच.

सासूबाईंनी रांजणातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि ईशूचा हात त्यात बुडवला. पोर एकदम गप्प.

"आता मोज तुझी वीस मिन्टं," त्या म्हणाल्या. मी मोजली.

तरी मला चैन कुठलं? स्कूटीवर तिघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट उलटसुलट करून बघितलं.

"लगेच पाण्यात धरलंत ना? चांगलं केलंत. पेस्ट लावली नाही, तेही बरं झालं."

मी सासूबाईंकडे बघितलं. कसं बघितलं ते विचारू नका. फार दिवसांनी असं बघायला मिळालं होतं.

"बोटावर जरासाच चट्टा आहे," डॉक्टर ईशूकडे वाकले, "पण पंजा का गं एवढा लाल? आख्खा हात टेकवलास तव्यावर?"

ईशूने आधी एक बोट वर केलं. "हे तव्याने."

मग पाची बोटं पसरून पंजा त्यांच्यापुढे धरला.

"आणि हे मम्मीने."