लेबलशी न जुळणारी गाडी

सुधीर देवस्थळी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात डबा उघडत होतो. फोन ठेवला आणि जेवलो. डबा पूर्ण संपवला. मग दिल्लीत मयूर विहारला त्याच्या घरी गेलो, डॉक्टरांशी बोललो, बंगळूरहून येणाऱ्या त्याच्या लेकीला विमानतळावरून आणलं, सगळं यथासांग केलं. रडू मात्र आलं नाही. लोक म्हणाले, तुम्ही फार धीराचे. धीर कसला... आत काही हलतच नव्हतं.

आम्ही एकाच सोसायटीत राहायचो आणि एकाच मोटार कारखान्यात कामाला होतो. गाडीच्या इंजिनाला एक छोटा संगणक असतो. इंधन कधी आणि किती सोडायचं हे त्यात भरलेलं असतं आणि त्या प्रोग्रॅमला एक कोड असतो. सरकारी चाचणीत गाडी पास होते ती त्या कोडसकट, म्हणून तोच कोड बॉनेटखालच्या लेबलवर छापतात. दोन्ही जुळतात का हे पाहणं सुधीरचं काम. पण लेबलं वाचायचं त्याला वेडच लागलं होतं. लग्नाला गेलो तरी हा आधी यजमानांच्या गाडीचं दार उघडून तिथलं, गाडी बनल्याचं साल असलेलं लेबल वाचणार. "गेल्या वर्षीची गाडी नवी म्हणून गळ्यात मारली की हो तुमच्या!" असं सांगून एका नवरदेवाच्या वडिलांचं तोंड त्याने भर मांडवात उतरवलं होतं. मी त्याला ओढत जेवायला नेलं.

कारखान्यात एकदा तयार गाड्यांच्या कोडमध्ये शेवटच्या अक्षराचा फरक निघाला. गाड्या पाठवायची घाई होती. मॅनेजर म्हणाले, "देवस्थळीजी, जाने दो यार, गाड़ी तो वही है." सुधीर म्हणाला, "बिल्कुल वही नहीं है, सर," आणि सगळ्या गाड्या अडवून बसला. एवढं ताणू नये, असं मी म्हणालो, तर म्हणे, "लेबल म्हणजे आपण दिलेला शब्द असतो रे." मॅनेजर पुढे बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत.

त्याची बायको, नीलावहिनी, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या. सगळा जन्म बसने आणि पुढे मेट्रोने फिरलेल्या. पन्नाशी उलटल्यावर आमच्याच कारखान्याची गाडी घेऊन चालवायला शिकल्या. आमच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर यायला खडा चढ आहे. तिथे त्यांची गाडी हमखास बंद पडायची, मागून हॉर्न, "आंटी, चलो ना!" एकदा त्या रडतच उतरल्या आणि किल्ली सुधीरच्या हातात देऊन म्हणाल्या, "मला नाही जमणार." पुढे काय झालं कोण जाणे, थोड्याच दिवसांत झरझर चढायला लागल्या. रोज नोएडाला शाळेत शिकवायला स्वतः गाडीने जायच्या. "शिकले की नाही, भाऊजी?" असं विचारायच्या, तेव्हा सुधीर पेपरात तोंड खुपसून "वा, वा" म्हणायचा.

सुधीर गेल्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला गेली, परत आली आणि चढावर बंद पडू लागली. रोज. वहिनींनी किल्ली टेबलावर ठेवली. "त्यांच्याबरोबर माझे हातपायही गेले, भाऊजी. फ्लॅट विकते आणि लेकीकडे जाते."

मला राहवेना. मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला मेकॅनिक अदबीने म्हणाला, "सर, गाड़ी का कोड लेबल से मैच नहीं कर रहा था. लास्ट में एक्स था. हमने ओरिजिनल डाल दिया."

एक्स... आमच्याकडे हे अक्षर फक्त प्रयोगातल्या गाड्यांना, आणि ते लावणारा माणूस एकच, सुधीर. क्लच झटक्यात सुटला तरी इंजिन बंद पडू नये, एवढीच सोय त्याने बायकोसाठी केली होती. अख्खा कारखाना अडवणाऱ्याने स्वतःच्या घरात शब्द मोडला होता आणि मलाही पत्ता लागू दिला नव्हता. मेकॅनिकला काय बोलणार? सुधीरने नेमकं तेच केलं असतं. सुधीरने भरलेल्या प्रोग्रॅमची जुनी प्रत मागितली. "वो तो उड़ गया, सर." त्या काउंटरपाशी उभ्या उभ्या मी रडलो, लाजलज्जा सोडून रडलो. सुधीर आता नाही, हे मला तिथे कळलं.

वहिनींना सांगावं का? न सांगावं, तर हातपाय गेले असं समजून त्या दिल्ली सोडणार. सांगावं, तर स्वतः गाडी शिकल्याचा अभिमान होता, तोही काढून घ्यायचा. शेवटी सांगितलं.

त्यांनी टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला गाडी कधी येतच नव्हती?"

"चढावर नव्हती येत."

"आणि हा माणूस वा, वा म्हणत बसला..." त्या हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. "परत घालता येईल ते?"

"नाही, वहिनी. कारखान्यातही शोधलं. कुठेच नाही."

त्यांनी किल्ली उचलली. मीही खाली गेलो आणि शेजारी बसलो. गाडी चढावर बंद पडली. त्यांनी हँडब्रेक ओढला, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. मागे एक गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजायला लागला. वहिनींनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "रुको भैया. अभी सीख रही हूँ."