माशाच्या चित्राचं अत्तर

शहाणपणा माणसाले कुठं नेऊन आपटते, ते माह्याकडून ऐका. चहा घ्या आधी, थंडा होऊन राहिला.

मी लाखनीचा. तीन पोरी पाहून झाल्या, तिन्हीकडून नकार. कारण एकच, पोरगा तोंडच उघडत नाही. चौथी आंधळगावची. मामा म्हणाला, "या बारीनं बोलजो बाबू, नाही तं जन्मभर आपल्याच हातची खिचडी खाशीन."

मंग मी तयारी केली. लग्नात पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावतात ना? म्हटलं, आपण पोरगी पाहाच्या दिवशीच लावू. भंडाऱ्याच्या बाजारात गळ-जाळ्यांच्या दुकानात गुलाबाच्या अत्तराची शिशी दिसली. अशा दुकानात अत्तर काहून, हा विचार कोण करते? घेतली. एसटीत बसून मोबाइलवर अत्तराची सारी माहिती पाठ केली.

पोहे आले, पोरगी येऊन बसली. मी शिशी काढली. पोरीच्या बाबांच्या हाताले लावलं, मामाच्या हाताले लावलं, आणि जे सुरू झालो! "अत्तर हा शब्द मुळात अरबी, इत्र. इत्र म्हणजे सुगंध. फारसीतून आपल्याकडे आला. फुलांची वाफ चंदनाच्या तेलात धरतात, तेव्हा हे बनते."

मामा खुश. बाबा मात्र आपला हात घडी घडी हुंगून राहिले होते.

"शिशीवर मासा कायले आहे?" त्यांनी विचारलं.

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण मले चढली होती. म्हटलं, "काकाजी, ते जुन्या अत्तरवाल्यांचं निशाण आहे. असली माल ओळखाची खूण."

बाबा उठून आत गेले. बाहेर आले तं हातात तशीच शिशी, अर्धी रिकामी.

"मी तळ्यावर गळ टाकतो ना, तेव्हा कणकीच्या गोळ्यात याचे दोन थेंब टाकतो. रोहू वासानं येते."

मामानं हळूच हात पँटीले पुसला. मले वाटलं, धरणी फाटली तं बरं. चौथाही नकार पक्का समजून मी चपला शोधाले लागलो.

बाबांनी पोरीले विचारलं, "काय म्हणतं माय?"

पोरगी पहिल्यांदाच बोलली. "चालते बाबा. तुम्ही दिवसभर गळ धरून बसता. हा मासा तं सोताचा चारा घेऊन घरी आला."