सेतुअण्णाचे आईमाड

सेतुअण्णा गेला, हे मला कंपनीच्या जाहिरातीवरून कळलं. फोनवर त्याचा फोटो आला तेव्हा वाटलं, आणखी प्लॉट विकायला काढले असतील. तोच जरीचा फेटा, तेच जोडलेले हात. फक्त खाली दराऐवजी श्रद्धांजली होती. माझ्या मावसभावाच्या मरणाची बातमी घरून येण्याआधी त्याच्या मालकांनी गिऱ्हाइकांना कळवली होती. अण्णाला देवनागरी वाचता येत नसे, आमच्या तंजावरी मराठी घरांत बहुतेकांना तमिळच वाचता येतं. तेव्हा त्याच्याविषयी मराठीत काहीही लिहायची मला मोकळीक आहे, आणि ती मी घेणार आहे.

अण्णा नोकरीला लागला तेव्हा कंपनी खरोखरच नारळाची बागाईत होती. तिरुवैयारूच्या रस्त्याला, कालव्याच्या कडेने, नजर पोचेल तिथवर माड. शेतकीची पदवी घेऊन अण्णा तिथे सुपरवायझर झाला आणि त्याने रोपवाटिका उभी केली. बियाण्यासाठी निवडलेल्या जुन्या, भरघोस झाडांना तो आईमाड म्हणे. त्यांचे नारळ खाली टाकायचे नाहीत, दोरीने अलगद उतरवायचे, तेलाला तर द्यायचेच नाहीत. लग्न झाल्यावर अंबुवैनीला त्याने देवळाआधी तिथे नेलं. "नमस्कार कर म्हणून सांगिटले गे... झाडाला!" वैनी मला हसत म्हणाली होती. तेव्हा ती हसत असे.

थोरले मालक वारले, मुलगा गादीवर बसला, आणि पाठोपाठ मोठं वादळ आलं. निम्मी बाग आडवी झाली. अण्णा चिखलात उभा राहून रडला. धाकटे मालक मोकळी जमीन बघत राहिले. झाडांपेक्षा जमीन जास्त देते हे त्यांना वादळाने शिकवलं. उरलेले माड त्यांनी स्वतःच पाडायला घेतले. पाटीवरचा 'प्लँटेशन्स' शब्द जाऊन 'गार्डन्स' आला. बाग तेवढी गेली. रस्त्यांना झाडांची नावं दिली. अण्णाला मात्र काढलं नाही. त्याला फेटा बांधून फाटकात उभा केला. परदेशातून जागा बघायला आलेल्यांच्या कानात हळूच सांगत, हे इथल्या मराठा राजघराण्यातले! आमचे पूर्वज राजांच्या कचेरीत कारकून होते, तेही दुय्यम. अण्णा खालमानेने शहाळं पुढे करायचा. मला त्याचा राग यायचा, अजून येतो.

तो हे का सोसत होता, ते पुढे कळलं. जुन्या नोकरांना कंपनीने घरासाठी एकेक प्लॉट दिला होता. अण्णाने जाऊन सांगितलं, मला प्लॉट नको, त्याऐवजी आईमाड राहू द्या. धाकट्या मालकांनी खांद्यावर हात ठेवून होकार दिला. कागद नाही, काही नाही. जन्मभर भाड्याच्या माडीवर काढलेल्या बायकोला त्याने विचारलं नाही, नंतर सांगितलंदेखील नाही. कंपनीतल्या शिपायाच्या वास्तुशांतीला गेलेल्या वैनीला शिपायाच्या बायकोने विचारलं, "तुमचा प्लॉट कोणता?" वैनी जेवण टाकून घरी आली. त्या दिवसापासून ती त्याला वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

आणि आईमाड? क्लबहाउसला जागा हवी होती, तेव्हा एका सकाळी करवत लावली. अण्णा त्या वेळी फाटकातच होता. "आवाज आयकलों गे," तो मला म्हणाला, "पण पार्टी समोर होती..." म्हणजे गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून तो जागचा हलला नाही. शहाळं दिलं, फेट्यासकट फोटो काढू दिला आणि मग तिकडे गेला. पडलेल्या शेंड्यांतले पक्के नारळ त्याने मोपेडवरून घरी आणले आणि माडीच्या गच्चीवर टबांतल्या वाळूत लावले. त्यांना कोंब फुटले. मग तो जमीन मागत हिंडला. घरमालकाला विचारलं, देवळात विचारलं, मलाही विचारलं. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. "बाल्कनीत लाव की," म्हटलं. तो हसला नाही. त्याच आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली.

तेराव्याला कंपनीकडून मोठा हार आला. वैनीने तो जिन्यातच ठेवायला लावला. मग कोयता मागवला आणि गच्चीवरचा एकेक नारळ फोडून घ्यायला लागली. कोंब फुटलेल्या नारळाच्या पोटात पांढरा, हलका गोळा धरतो. त्याला इथे नारळाचं फूल म्हणतात, गाड्यावर विकतात, मुलं त्यासाठी हट्ट धरतात. वैनीने चिरून ते पानोपान वाढलं.

मला राहवलं नाही. "वैनी, एक तरी ठेव."

"ठेवत्यें की," ती म्हणाली. "कोठे लावत्येस, सांग."

तिने पंगतीकडे पाहिलं. बँकेतला भाचा, शाळामास्तर मेहुणे, मी... आमच्यापैकी कोणाकडेही वीतभर माती नव्हती. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि खायला सुरुवात केली. मीही खाल्लं. फार गोड होतं. पोरांनी पुन्हा मागितलं, वैनीने पुन्हा वाढलं. शेवटचं फूल तिने स्वतःच्या पानावर घेतलं आणि कोणाकडे न बघता, सावकाश, सगळं संपवलं.

"बीज चांगले होते," ती म्हणाली, आणि पान दुमडून उठली.